क्विस, क्वी आणि मधल्यामध्ये हरवलेला 'ज' : एका वकीलबाईंच्या लॅटिनचं प्रकरण

जिल्हा न्यायालयात दिवाणी दावे चालवणाऱ्या एक वकीलबाई माझ्याकडे लॅटिन शिकतात. रोमन वकील आणि वक्ता सिसेरो याची न्यायालयातली भाषणं आणि रोमन कायदा मुळातून वाचायचा, एवढाच त्यांचा हेतू. शाळेत आठवी ते दहावी पूर्ण संस्कृत झालेलं, त्यामुळे विभक्तीचं भय नाही. नामांच्या पाच रूपावल्या आणि क्रियापदांचे चार गण त्यांनी व्यवस्थित पार केले. अडल्या त्या प्रश्नार्थक शब्दांपाशी, आणि अशा अडल्या की आधी सहज वाचता येणारी वाक्यंही लागेनाशी झाली.

हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे, कारण त्यांची अडचण एकटीची नाही. मराठी माणूस इंग्रजी पुस्तकातून लॅटिन शिकतो तेव्हा नेमका इथेच घसरतो, आणि त्याला वाटतं की आपलं पाठांतर कच्चं आहे. पाठांतराचा यात काही संबंध नसतो.

पाठांतर तर बाईंचं चोख होतं. मध्ययुगापासून चालत आलेली एक ओळ त्यांना तोंडपाठ होती : 'क्विस, क्विद, उबी, क्विबुस आउक्सिलिईस, कूर, क्वोमोदो, क्वान्दो.' कोण, काय, कुठे, कोणाच्या मदतीनं, का, कसं, केव्हा. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसनं मानवी कृतीच्या परिस्थितीची चर्चा करताना ही ओळ दिली आहे. ती षट्पदी वृत्तात बसते, म्हणून जिभेवर लगेच चढते. फिर्याद नोंदवताना विचारायचे बहुतेक प्रश्न या एका ओळीत आहेत. बाईंना ती आवडली नसती तरच नवल. 'क्विस'ची रूपंही त्या धडाधड म्हणत : क्विस, कुयुस, कुइ, क्वेम, क्वो.

आणि तरीही त्यांच्या वहीत हे सापडलं.

पहिलं वाक्य : 'होमो क्वेम विदेस आमिकुस मेउस एस्त.' त्यांचं भाषांतर : 'माणूस तू कोणाला पाहतोस माझा मित्र आहे.' याला अर्थ नाही हे त्यांनाही दिसत होतं. शेजारी प्रश्नचिन्ह काढून त्या पुढे गेल्या होत्या.

दुसरं वाक्य व्हल्गेट, म्हणजे लॅटिन बायबलमधलं, उत्पत्तीच्या सोळाव्या अध्यायातलं. घर सोडून पळालेल्या हागार दासीला झऱ्यापाशी देवदूत विचारतो, 'उन्दे वेनिस एत क्वो वादिस?' कुठून आलीस आणि कुठे चाललीस? इथे 'क्वो'ला बाईंनी 'क्विस'ची पंचमी मानलं आणि लिहिलं : 'कुठून येतेस आणि कोणाने जातेस?'

तिसरं : 'नेस्किओ क्विद दिकात.' त्यांनी लिहिलं, 'त्यानं काय म्हणावं हे मला माहीत नाही.' हवं होतं, 'तो काय म्हणतोय हे मला माहीत नाही.' हे चुकलं तेही अभ्यास करूनच. आधीच्या धड्यात 'दिकात' हे रूप 'त्यानं म्हणावं' अशा आज्ञार्थी छटेनं आलं होतं, तीच त्यांनी इथे लावली.

तीन चुका, तिन्ही वेगवेगळ्या जातीच्या. पण खरं निदान मला चुकांमधून झालं नाही. ते झालं समासातल्या पेन्सिलीच्या नोंदींमधून. 'क्वेम'च्या डोक्यावर बाईंनी बारीक अक्षरात इंग्रजी 'हूम' लिहिलं होतं. 'क्वी'वर 'हू', 'उबी'वर 'व्हेअर', 'क्विद'वर 'व्हॉट', 'क्वोद'वरही 'व्हॉट'. पुस्तक इंग्रजी, म्हणून अर्थ इंग्रजीत टिपले, हे साहजिक आहे. मग त्या इंग्रजी शब्दावरून त्या मराठीत येत, आणि मराठीत 'हू' म्हणजे कोण आणि 'व्हेअर' म्हणजे कुठे, हे आपल्या सगळ्यांना पहिलीपासून पढवलेलं असतं.

गोम इथे आहे. इंग्रजीचा 'हू' दोन कामं करतो. 'कोण आला?' यातला 'कोण' तोच आणि 'जो आला तो' यातला 'जो'ही तोच. लॅटिनमध्येही जवळपास तसंच आहे : प्रश्न विचारणारे शब्द आणि संबंध जोडणारे शब्द एकाच 'क्व'च्या घराण्यातले, आणि पुष्कळ जागी रूपंही एकच. त्यामुळे इंग्रजी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्याला इथे काही खटकतच नाही. त्याच्या भाषेत दोन्हींना एकच शब्द, लॅटिनमध्येही एकच. पाठ्यपुस्तकं त्याच विद्यार्थ्यासाठी लिहिलेली असतात. संबंधी सर्वनाम एका धड्यात, प्रश्नार्थक सर्वनाम नंतरच्या धड्यात, आणि 'काय म्हणतो ते माहीत नाही' या जातीची वाक्यं त्याच्याही बऱ्याच पुढे. पुस्तकाचं त्यात चुकत नाही, पण आपलं नुकसान होतं.

मराठीत प्रश्नाला 'क', संबंधाला 'ज' आणि उत्तराला 'त'. कोण, जो, तो. कुठे, जिथे, तिथे. केव्हा, जेव्हा, तेव्हा. केवढा, जेवढा, तेवढा. इतकी स्वच्छ व्यवस्था फार थोड्या भाषांत आहे, आणि संस्कृतच्या कः, यः, सः पासून ती आपल्याकडे आहे. बाई लॅटिनवरून इंग्रजीवर आणि इंग्रजीवरून मराठीवर येत होत्या. त्या मधल्या टप्प्यावर 'ज' गळून पडत होता. घरचा 'ज' घेऊन त्या थेट लॅटिनपाशी गेल्या असत्या, तर 'होमो क्वेम विदेस' वाचताना कान आपोआप म्हणाला असता : 'ज्याला तू पाहतोस तो माणूस.'

निदान पक्कं करण्यासाठी मी त्यांच्यापुढे दोन वाक्यं ठेवली.

'इद क्वोद दिकिस स्किओ.'
'क्विद दिकास स्किओ.'

'इंग्रजीत सांगा,' म्हटलं. दोन्हींना त्यांनी एकच वाक्य सांगितलं : तू काय म्हणतोस ते मला ठाऊक आहे, या अर्थाचं. मग म्हटलं, आता इंग्रजी बाजूला ठेवा. पहिल्यात 'इद' आहे, म्हणजे 'ते'. 'ते' आलं म्हणजे त्याचा जोडीदार कोण?

'जे,' त्या म्हणाल्या. 'तू जे म्हणतोस ते मला माहीत आहे.'

'आणि दुसरं?'

'तू काय म्हणतोस हे मला माहीत आहे.' थोडं थांबून म्हणाल्या, 'अहो सर, ही दोन वेगळी वाक्यं आहेत.'

वेगळी आहेतच. पहिल्यात मला माहीत आहे ती वस्तू : तुझं म्हणणं, ती बातमी, तो मुद्दा. दुसऱ्यात मला माहीत आहे ते एका प्रश्नाचं उत्तर. इंग्रजीत ही दोन एकाच शब्दात लपतात, म्हणून तिकडच्या व्याकरणांना लांब टिपा द्याव्या लागतात. मराठी बोलणारं पोर 'जे... ते' आणि 'काय... हे' यांत कधी गोंधळत नाही. लॅटिन हा भेद दोन खुणांनी दाखवतं. सर्वनाम बदलतं, 'क्वोद'चं 'क्विद' होतं. आणि क्रियापदाचं रूप बदलतं, सरळ विधान करणाऱ्या निश्चयार्थी 'दिकिस'चं शक्यता-इच्छा दाखवणारं संभाव्यार्थी 'दिकास' होतं. वाक्याच्या पोटात शिरलेल्या प्रश्नाचं क्रियापद अभिजात लॅटिनमध्ये संभाव्यार्थी होतं, असा नियम आहे. मराठीत ते काम 'हे' करतं, लॅटिनमध्ये क्रियापदाचं रूप करतं. म्हणून 'नेस्किओ क्विद दिकात'मधल्या 'दिकात'चा अर्थ 'म्हणावं' असा घ्यायचा नाही. ते रूप फक्त एवढंच सांगतं की हा आतला प्रश्न आहे. एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा : 'नेस्किओ क्विद फाकिआम' यात 'मी काय करतोय' आणि 'मी काय करावं' असे दोन्ही अर्थ खरोखरच निघतात, आणि संदर्भ पाहूनच ठरवावं लागतं.

उपाय

पहिली गोष्ट केली ती म्हणजे समासातलं इंग्रजी पुसायला सांगितलं. प्रत्येक 'क्व'च्या डोक्यावर आता एकच अक्षर लिहायचं, 'क' किंवा 'ज'. आधी अक्षर, मगच अर्थ. आणि ही माळ वहीच्या पहिल्या पानावर :

क्विस – क्वी – इस : कोण – जो – तो
उबी – उबी – इबी : कुठे – जिथे – तिथे
उन्दे – उन्दे – इन्दे : कुठून – जिथून – तिथून
क्वो – क्वो – एओ : कुणीकडे – जिकडे – तिकडे
क्वान्तुस – क्वान्तुस – तान्तुस : केवढा – जेवढा – तेवढा
क्वालिस – क्वालिस – तालिस : कसा – जसा – तसा
क्वोत – क्वोत – तोत : किती – जितके – तितके
क्वान्दो – कुम – तुम : केव्हा – जेव्हा – तेव्हा

पहिल्या आणि शेवटच्या ओळीत लॅटिननंही 'क' आणि 'ज' वेगळे ठेवलेले दिसतात. मधल्या सगळ्या ओळींत ते एक आहेत. म्हणजे ओळखायचं कसं, तर तिसऱ्या स्तंभावरून. वाक्यात 'इबी', 'इन्दे', 'तान्तुस', 'तोत' असा 'त'-वाला सापडला की त्याचा 'क्व' हा 'ज' असतो. मागे एखादं नाम असेल आणि 'क्व'चं लिंग-वचन त्याच्याशी जुळत असेल, तरीही बहुधा 'ज'च. असं काहीच नसेल, आणि वाक्यात विचारणं, जाणणं, शंका घेणं अशा अर्थाचं क्रियापद असेल, तर 'क'.

'छापलेलं प्रश्नचिन्ह पाहिलं की झालं,' असं कोणी म्हणेल. ते चिन्ह आजच्या संपादकांनी घातलेलं असतं. प्रश्नचिन्हाचा पूर्वज युरोपातल्या हस्तलिखितांत दिसायला लागतो तो आठव्या शतकाच्या अखेरीस, शार्लमेनच्या काळात. सिसेरोच्या वाचकाला ती सोय नव्हती. शिवाय आतल्या प्रश्नाला प्रश्नचिन्ह नसतंच, आणि वाचक अडतो तो तिथेच.

माळ लिहून झाली, पण माळेनं विश्वास बसत नाही. तो बसला बाईंच्या स्वतःच्या पोतडीतल्या शब्दांनी. कायद्याच्या पदवीला 'उबी युस इबी रेमेदिउम' हे सूत्र प्रत्येकानं पाठ केलेलं असतं : जिथे हक्क तिथे उपाय. 'यातला उबी कोणता?' विचारल्यावर त्या क्षणात म्हणाल्या, 'ज!' इतकी वर्षं हे वाक्य त्यांच्या तोंडी होतं, पण त्यातला 'उबी' आणि पाठ केलेल्या ओळीतला 'कुठे' म्हणणारा 'उबी' एकच आहेत, हे त्यांनी कधी जुळवून पाहिलं नव्हतं. मग सूत्रांची रीघ लागली. 'क्वी फाकित पेर आलिउम फाकित पेर से' : जो दुसऱ्याकरवी करतो तो स्वतःच करतो, अभिकर्त्याच्या कायद्याचं मूळ तत्त्व. 'नेमो दात क्वोद नोन हाबेत' : जे आपल्याकडे नाही ते कोणी देऊ शकत नाही. सगळे 'ज'.

नाटककार टेरेन्सचं एक वचन याच साच्याचं आहे, 'क्वोत होमिनेस, तोत सेन्तेन्तिआय'. जितकी माणसं तितकी मतं. आपण 'व्यक्ती तितक्या प्रकृती' म्हणतो. त्यात 'जितक्या' बोललाही जात नाही, तरी ऐकू येतो.

यापुढचा तास मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण त्यात वकिलीतल्या तीन शब्दांनी तीन वेगवेगळी कामं दाखवली.

कोरम. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेपासून संसदेपर्यंत सगळीकडे लागतो तो. लॅटिनमध्ये 'क्वोरुम', म्हणजे 'क्वी'चं षष्ठी अनेकवचन : 'ज्यांच्यापैकी'. इंग्लंडमध्ये शांतता-न्यायाधीश नेमताना लॅटिन आज्ञापत्रात 'ज्यांच्यापैकी अमुक हा एक असावा अशी आमची इच्छा आहे' अशा अर्थाचं कलम असे. त्यातला पहिला शब्द उचलला गेला आणि पुढे सभेला आवश्यक असलेल्या संख्येचं नाव झाला. हा 'ज'.

को वॉरंटो. भारतीय राज्यघटनेच्या ३२ आणि २२६ या अनुच्छेदांत नाव घेऊन सांगितलेल्या पाच आदेशांपैकी एक. कुणी सार्वजनिक पदावर बसला असेल तर न्यायालय त्याला विचारतं, कोणत्या अधिकारानं? 'क्वो' ही पंचमी, आणि सरळसरळ प्रश्न. हा 'क'. ('वारान्तो' मात्र अस्सल रोमन शब्द नाही, मध्ययुगातल्या कारकुनांनी लॅटिनचा पोशाख चढवलेला आहे.)

क्विद प्रो क्वो. काहीतरीच्या बदल्यात काहीतरी. इथे प्रश्नही नाही आणि संबंधही नाही. हे तिसरंच काम, आपल्या 'कोणी', 'काही'चं. मराठीत 'कोण'चं 'कोणी' होतं, संस्कृतमध्ये 'कः'ला 'चित्' जोडून 'कश्चित्' होतं. हा 'चित्' आणि लॅटिनचा 'क्विद' ही एकाच मूळ शब्दाची लेकरं आहेत. लॅटिनमध्ये 'सी', 'निसी', 'नुम', 'ने' यांच्या मागोमाग 'क्विस' आला की त्याचा अर्थ 'कोणी' होतो. 'सी क्विस' म्हणजे 'जर कोणी', आणि रोमन कायद्यातली कितीतरी कलमं याच दोन शब्दांनी सुरू होतात. बाईंना पुढे हेच वाचायचं होतं, म्हणून समासात 'क' आणि 'ज' यांच्या जोडीला 'कोणी' हीही खूण ठरली.

मराठी जिथे पुढे नेते, आणि जिथे अडवते

'क्विस' आणि 'क्वी' यांच्या लिंगाबद्दल इंग्रजी पुस्तकं पानं खर्च करतात. मराठीत एका ओळीत काम होतं. 'कोण' पुरुषालाही आणि बाईलाही, तसाच 'क्विस'. 'काय' तसा 'क्विद'. आणि नामाला चिकटून येतो तो 'कोणता, कोणती, कोणतं', तसे 'क्वी, क्वाय, क्वोद'. 'क्विस वेनित?' म्हणजे कोण आलं, 'क्वाय मुलिएर वेनित?' म्हणजे कोणती बाई आली. याचाच अर्थ असा की 'क्वाय' दिसला म्हणून डोळे मिटून 'ज' लिहायचा नाही. बाईंनी एकदा तसं लिहिलं, आणि पुढचं नाम वाचल्यावर स्वतःच खोडलं.

षष्ठीत मात्र मराठी पाय ओढते. आपण 'कोणाचा मुलगा, कोणाची शेळी, कोणाचं शेत' म्हणतो. मालकीच्या वस्तूप्रमाणे शब्द बदलतो. लॅटिनचा 'कुयुस' बदलत नाही. बाई त्याला लिंगाप्रमाणे फिरवू पाहत होत्या, आणि मला त्यांचं कौतुक वाटलं, कारण जुन्या लॅटिनमध्ये हे खरंच होत असे. व्हर्जिलच्या तिसऱ्या गोपगीताची पहिलीच ओळ आहे : 'दिक मिही, दामोइता, कुयुम पेकुस?' सांग मला, दामोइतास, हा कळप कोणाचा? 'पेकुस' नपुंसकलिंगी म्हणून 'कुयुम'. व्हर्जिलच्या काळीही ते रूप जुनाट, गावाकडचं वाटायचं, आणि गुराख्याच्या तोंडी त्यानं ते मुद्दाम घातलं. शिष्ट गद्यात वापरायचं नाही, पण 'कोणाचं' म्हणणाऱ्या कानाला ते आपलंसं वाटतं.

हागारच्या वाक्यातला 'क्वो' असाच सुटला. 'कुठे आहेस' आणि 'कुठे चाललीस' दोन्हीकडे आपण हल्ली 'कुठे'च म्हणतो, म्हणून 'उबी' आणि 'क्वो' मिसळतात. पण वाटेत भेटलेल्याला आपण 'कुणीकडे निघालात?' असंही विचारतोच. 'कुणीकडे' म्हणजे 'क्वो'. 'उन्दे' म्हणजे कुठून, आणि 'क्वा' म्हणजे कुठल्या वाटेनं. समोर जाणं, येणं, पाठवणं असं गतीचं क्रियापद असेल तर 'क्वो'ला 'कोणाने' लावण्याआधी 'कुणीकडे' लावून पाहायचं.

'क्विद'ची एक तऱ्हा तर इतकी मराठी आहे की इंग्रजीतून समजावताना उगाच अवघड होते. होरेसच्या पहिल्या उपहासिकेत तो श्रोत्याला विचारतो, 'क्विद रीदेस?' शब्दशः 'काय हसतोस?' अर्थ 'का हसतोस?' आपणही नेमकं हेच म्हणतो. 'काय रडतेस?', 'काय बघतोस?' बाईंना इथे समजावायचं काही उरलंच नाही.

हो-नाहीच्या प्रश्नांचं थोडक्यात. '-ने' हा शेपटीसारखा चिकटतो, बहुधा वाक्यातल्या पहिल्या शब्दाला, आणि ज्या शब्दाला चिकटतो त्यावर प्रश्नाचा भर. 'वेनित्ने पुएर?' म्हणजे 'आला का मुलगा?' 'नोन्ने' हा 'हो' हे उत्तर गृहीत धरून विचारलेला प्रश्न : 'आला नाही का?' 'नुम' हा 'नाही' गृहीत धरून, आपल्या 'थोडाच'सारखा. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात हाबेलला मारून आलेला काइन देवाला उलट विचारतो, 'नुम कुस्तोस फ्रात्रिस मेई सुम एगो?' मी थोडाच माझ्या भावाचा राखणदार आहे? 'थोडाच'मध्ये त्याचा सगळा उद्दामपणा येतो. वकीलबाईंनी इथे स्वतःहून सांगितलं की 'नोन्ने' आणि 'नुम' म्हणजे सूचक प्रश्न, उत्तर सुचवूनच विचारलेले. हे वर्गीकरण मी पुढच्या विद्यार्थ्यांसाठी उचललं आहे. फक्त एक पुस्ती : साध्या '-ने'मध्येही कधीकधी 'हो'ची अपेक्षा दडलेली असते. कटाचा आरोप असलेल्या कॅटिलाइनला सिसेरो 'मेमिनिस्तीने' असं विचारतो, 'आठवतं ना तुला, मी सिनेटमध्ये सांगितलं होतं?' तेव्हा आठवत नाही हे उत्तर तो ऐकून घेणार नसतो. उलटतपासणीत 'आठवतं का तुम्हाला?' कोणत्या सुरात विचारतात हे बाईंना मी काय सांगणार.

परीक्षा

उपाय लागू पडला की नाही, हे तयार केलेल्या सोप्या वाक्यांवरून ठरवायचं नव्हतं. म्हणून सिसेरोच्या कॅटिलाइनविरुद्धच्या पहिल्या भाषणाचा पहिला परिच्छेद घेतला. इ. स. पू. ६३, नोव्हेंबर महिना. कॉन्सल, म्हणजे रोमच्या सर्वोच्च पदावर, असलेला सिसेरो ज्युपिटर स्टेटरच्या देवळात भरलेल्या सिनेटपुढे बोलतोय, आणि ज्याच्यावर कटाचा आरोप आहे तो कॅटिलाइन समोर बसलेला. भाषणाची सुरुवातच तीन प्रश्नांनी होते : 'क्वो उस्क्वे तान्देम', 'क्वाम दिऊ', 'क्वेम आद फीनेम'. यातल्या पहिल्याचं इंग्रजी भाषांतर सहसा 'किती काळ' असं होतं. बाईंनी 'क्वो'वर 'कुणीकडे' लिहिलं, 'उस्क्वे'वर 'पर्यंत' लिहिलं, दोन्हींकडे पाहिलं आणि म्हणाल्या, 'कुठवर!' कुठवर, अरे कॅटिलाइन, आमच्या सोशिकपणाचा गैरफायदा घेणार आहेस? मग 'किती वेळ', मग 'कोणत्या थरापर्यंत'. 'कुठवर' आणि 'किती वेळ' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि सिसेरो ते एकामागोमाग एक चढवत नेतो, हे मराठीत जसंच्या तसं राहतं.

त्याच परिच्छेदाच्या अखेरीला ते वाक्य आहे ज्यासाठी मी थांबलो होतो :

'क्विद प्रॉक्सिमा, क्विद सुपेरिओरे नोक्ते एगेरिस, उबी फुएरिस, क्वोस कोन्वोकावेरिस, क्विद कोन्सिली केपेरिस, क्वेम नोस्त्रुम इग्नोरारे आर्बित्रारिस?'

'क्व'च्या घराण्यातले सहा शब्द एका वाक्यात. बाईंनी पेन्सिल घेतली. 'एगेरिस', 'फुएरिस', 'कोन्वोकावेरिस', 'केपेरिस' ही चार क्रियापदं संभाव्यार्थी, तेव्हा त्यांच्याबरोबरचे पाचही शब्द आतले प्रश्न : क, क, क, क, क. 'आर्बित्रारिस' निश्चयार्थी, म्हणजे खरा, बाहेरचा प्रश्न हा शेवटचा, 'क्वेम नोस्त्रुम', आमच्यापैकी कोणाला. वाक्यात 'ज' एकही नाही, आणि ते त्यांनी अर्थ लावण्याआधी सांगितलं. मग लिहिलं :

'काल रात्री तू काय केलंस, परवा रात्री काय केलंस, कुठे होतास, कोणाकोणाला बोलावलंस, काय बेत ठरवलास, हे आमच्यातल्या कोणाला ठाऊक नाही असं तुला वाटतं?'

शब्दांचा क्रम पाहावा. आधी आतले प्रश्न एकापाठोपाठ एक, मग 'हे', मग मुख्य प्रश्न शेवटी. सिसेरोनं वाक्य असंच रचलं आहे. इंग्रजी भाषांतरकाराला बहुधा ते उलटं करावं लागतं, मुख्य प्रश्न पुढे आणावा लागतो, आणि आरोपांच्या फैरींनंतर येणारा घाव आधीच पडून जातो. मराठीला काही हलवावं लागलं नाही. 'कोणाकोणाला' ही द्विरुक्तीही बाईंची स्वतःची. 'क्वोस' अनेकवचनी आहे, आणि 'कोणाला' म्हटलं तर ते अनेकवचन दिसत नाही, म्हणून त्यांनी ती केली. मी लाल शाईनं काहीही लिहिलं नाही.

पुढे

आता त्या रोस्किउसच्या बचावाचं भाषण वाचताहेत. इ. स. पू. ८०, सिसेरो तेव्हा सव्विशीतला. बापाच्या खुनाचा आरोप असलेल्या मुलाची बाजू मांडताना तो जुन्या न्यायाधीशाचं, लुकिउस कॅसिउसचं, नाव घेतो, जो खटल्यांत पुन्हापुन्हा विचारायचा, 'कुइ बोनो फुइस्सेत' : ते कोणाच्या फायद्याचं झालं? मेलेल्याची साठ लाखांची मालमत्ता लिलावात दोन हजारांना गेली होती, आणि घेणारा तो मुलगा नव्हता. बाईंनी 'कुइ बोनो' आजवर 'काय उपयोग' या अर्थानं ऐकलं होतं. आता त्यांनी 'कुइ'वर 'क' लिहिला, 'कोणाला' अशी चतुर्थी लावली, आणि 'फुइस्सेत' संभाव्यार्थी का आहे हेही कारणासकट सांगितलं : 'विचारायचा' या क्रियापदाच्या पोटातला प्रश्न.

गाठ अजून एका ठिकाणी आहे. 'संभाव्यार्थी असेल तर क' ही खूणगाठ त्यांनी जरा जास्तच घट्ट बांधली, आणि 'सुन्त क्वी दिकान्त' हे वाक्य समोर आल्यावर ती सुटेना. 'कोण म्हणतात आहेत' असं काहीतरी व्हायला लागलं. इथे 'क्वी' हा 'ज'च आहे, पण तो ठराविक माणसं दाखवत नाही, माणसांची जात दाखवतो, आणि तेवढ्यासाठी क्रियापद संभाव्यार्थी होतं. मराठीत याला 'जे... ते'ही लागत नाही, 'असं म्हणणारे आहेत' एवढं पुरतं. तेव्हा समासात आता चौथी खूण आली आहे, 'णारा', आणि रोस्किउसच्या भाषणात ती कुठे कुठे लागते हे शोधायचं काम बाईंनी पुढच्या आठवड्यासाठी स्वतःच मागून घेतलं आहे.